ब्राउझरचे पेव

सांगलीला लागूनच, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर नावाचे गाव आहे. हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध आहे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेला साठा. त्याचे तोंड लहान आणि पोट मोठे असते. हळद आत भरायची, तोंड बंद करायचे, वर माती लोटायची, की झाले. अशी भरलेली हळद वर्षानुवर्षे टिकते, असा तेथील व्यापाऱ्यांचा अनुभव. २००५ च्या महापुरात पाणी शिरून यांतील बरीच पेवे निकामी झाली आणि आता व्यापार बहुतांशी गुदामांकडे वळला आहे. तरीही ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपल्या बोलण्यातून काही गेलेला नाही. पूर्वी धान्याची पेवे गावोगाव होती, त्याची ती खूण.

इंग्रजी भाषेत पेवासारखाच एक शब्द आहे, ‘कॅश’. फ्रेंच भाषेतील ‘लपविणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. उत्तर अमेरिकेच्या रानावनांत हिंडणारे फ्रेंच भाषक शिकारी आणि कातड्यांचे व्यापारी परतीच्या वाटेसाठी शिधा जमिनीत पुरून ठेवीत, त्या खड्ड्याला ते हा शब्द वापरीत. रोकड या अर्थाच्या कॅशशी त्याचा काडीचा संबंध नाही, उच्चार मात्र एकच. कोणी हा घोटाळा टाळण्यासाठी ‘कॅशे’ असेही लिहितात. तथापि घोटाळा होतोच. माझ्या एका मित्राच्या आईने फोनवर ‘कॅश साफ करा’ असे वाचले आणि बँकेतील पैसे जातील या भीतीने महिनाभर त्या बटणाला हात लावला नाही. मला स्वतःला विचाराल तर या वस्तूला मराठीत सरळ ‘पेव’ म्हणावे. शब्द आपल्या जिल्ह्यातला आहे आणि अर्थाने अगदी नेमका बसतो. या लेखात मी तसेच म्हणणार आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लिहावे याचे कोणास आश्चर्य वाटेल. परंतु आज आपल्यातील प्रत्येकाच्या खिशात ब्राउझर आहे. निकाल त्यावर पाहायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर भरायचा, शेतमालाचा दर त्यावर बघायचा आणि नदीकाठच्या गावचे असाल तर पावसाळ्यात नदीची पातळीही त्यावरच पाहायची. दिसणारे पान आत्ताचे आहे की सकाळचे, हा प्रश्न मग विज्ञान शाखेपुरता उरत नाही.

प्रथम पेवाची गरज काय ते पाहू. आपण ब्राउझरमध्ये एखादा पत्ता टाकतो तेव्हा ब्राउझर दूरवरच्या एका संगणकाला, ज्याला सर्व्हर म्हणतात, मागणी पाठवतो आणि सर्व्हर उत्तर धाडतो. हे उत्तर एका पाकिटात येत नाही. पानाचा मजकूर वेगळा, त्याच्या मांडणीचे नियम वेगळे, संस्थेचे बोधचिन्ह वेगळे, छायाचित्रे वेगळी, पान हलतेचालते ठेवणारी आज्ञावली वेगळी. एका साध्या पानासाठी पन्नास-साठ मागण्या जाणे ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आता त्याच संस्थेचे दुसरे पान उघडले तर बोधचिन्ह तेच, मांडणी तीच. ती पुन्हा मागवणे म्हणजे घरात मिठाची बरणी भरलेली असताना प्रत्येक भाजीला चिमूटभर मिठासाठी दुकानात जाण्यासारखे झाले. म्हणून ब्राउझर आलेल्या वस्तूंची एकेक नक्कल फोनच्या किंवा संगणकाच्या साठवणीत ठेवून देतो आणि पुढच्या वेळी ती तेथूनच काढतो. पान चटकन उघडते, डेटा वाचतो आणि पलीकडच्या सर्व्हरवरचा भारही हलका होतो. ज्यांच्या गावात टॉवरची एकच काडी दिसते त्यांना या सोयीचे मोल अधिक सांगायला नको.

जवळ थोडे ठेवावे म्हणजे दूर वारंवार जावे लागत नाही, ही युक्ती वेबपेक्षा जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका छोट्या निबंधात संगणकाच्या मोठ्या, मंद स्मृतीजवळ एक लहान, चपळ ‘दास-स्मृती’ ठेवण्याची कल्पना मांडली. १९६८ साली आयबीएम कंपनीने आपल्या सिस्टिम ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्रात अशी स्मृती बसवली तेव्हा तिला कॅश हे नाव रूढ झाले. वेब आले ते १९८९ ते १९९१ च्या दरम्यान, टिम बर्नर्स-ली यांच्या हातून, जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत. तेव्हा ही युक्ती वेबला मिळाली ती तयारच.

अडचण मात्र येथूनच सुरू होते. पेवातील हळद टिकते, हळदीचा दर टिकत नाही. सांगलीच्या बाजारात राजापुरी हळदीचा सकाळच्या सौद्यात निघालेला भाव पुढच्या सौद्यापर्यंतच खरा. ब्राउझरच्या पेवात मात्र हळद आणि दर, म्हणजे बोधचिन्ह आणि आकडा, शेजारी शेजारी पडलेले असतात. यातले काय टिकाऊ आणि काय नाशवंत, हे ब्राउझरला कसे कळावे? त्याला मजकुराचा अर्थ समजत नाही. ते त्याला सांगावे लागते, आणि सांगण्याचे काम सर्व्हरचे असते.

हे सांगणे पानावर दिसत नाही. प्रत्येक उत्तरासोबत काही ओळी पाकिटावरील पत्त्यासारख्या वेगळ्या जातात. वेबच्या देवघेवीचे जे नियम १९९६ साली लिहून निघाले, त्यांत ‘एक्स्पायर्स’ अशी एक ओळ होती. अमुक तारखेला, अमुक वाजेपर्यंत ही नक्कल चालेल, एवढाच तिचा अर्थ. औषधाच्या बाटलीवर असते तशी ही मुदत. पण तारीख-वेळ लिहायची तर दोन्हीकडची घड्याळे जुळायला हवीत, आणि कित्येकांच्या संगणकातले घड्याळ मागेपुढे असते. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांत यावर उपाय निघाला. ‘कॅश-कंट्रोल’ या नावाच्या ओळीत ‘मॅक्स-एज’ म्हणजे कमाल वय सेकंदांत लिहायचे. ३६०० लिहिले की एक तास, ८६४०० लिहिले की एक दिवस. घड्याळ काहीही दाखवो, किती काळ लोटला एवढेच मोजायचे. याच नियमांची अलीकडची आवृत्ती जून २०२२ ची आहे, पण मूळ विचार बदललेला नाही.

मुदत आहे तोवर ब्राउझर ती नक्कल ‘ताजी’ समजतो. वाचकांनी येथे थांबून एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण सारा गोंधळ येथे आहे. मुदत संपेपर्यंत ब्राउझर सर्व्हरला काहीही विचारत नाही. पलीकडे आकडा दहा वेळा बदलला तरी त्याला पत्ता नसतो. सर्व्हरही आपणहून कळवत नाही. एकदा उत्तर दिले की त्याच्या दृष्टीने व्यवहार संपला. ताजेपणा हा येथे मालाचा गुण नसून दिलेली मुदत आहे.

मुदत संपली म्हणजे नक्कल लगेच फेकून देतात असेही नाही. येथे नियम करणाऱ्यांनी मोठी चतुराई केली आहे. सर्व्हर पहिल्या वेळी वस्तू देतानाच तिच्यावर एक खूणचिठ्ठी लावतो, तिला ‘ई-टॅग’ म्हणतात. किंवा ती वस्तू शेवटची कधी बदलली ती वेळ कळवतो. मुदत संपल्यावर ब्राउझर ती खूण दाखवून विचारतो, ‘माझ्याजवळ ही आहे, तुमच्याकडे अजून हीच आहे काय?’ हीच असेल तर सर्व्हर वस्तू न पाठवता ३०४ हा आकडा पाठवतो. ३०४ म्हणजे ‘बदल नाही’. चारदोन ओळींत काम भागते. बदल असेल तर २०० हा आकडा आणि त्याबरोबर नवी वस्तू येते. आमच्याकडे सोसायटीत खताची गाडी आली का हे पाहायला बैलगाडी घेऊन कोणी जात नाही, आधी फोन करतात, त्यातलाच हा प्रकार.

या ओळींतील काही शब्द इतके फसवे आहेत की नेमणारांचे आश्चर्य वाटते. ‘नो-कॅश’ असे लिहिले तर कोणीही समजेल की ही वस्तू साठवू नका. वस्तुतः त्याचा अर्थ आहे, साठवा, पण प्रत्येक वेळी विचारल्याशिवाय वापरू नका. अजिबात साठवू नका असे म्हणायचे असेल तर ‘नो-स्टोअर’ लिहावे लागते. बँकेच्या पानांना हे दुसरे हवे. पाणीपातळीच्या पानाला पहिले पुरेसे आहे. शब्द बघून अर्थ ठरवणाऱ्यांनी किती पाने बिघडवली असतील, देव जाणे.

आणि सर्व्हरने काहीच सांगितले नाही तर? बरीच पाने अशीच, बिनचिठ्ठीची असतात. तेव्हा ब्राउझरला अंदाज करण्याची मुभा आहे. अंदाजाचा प्रचलित नियम असा: वस्तू शेवटची बदलून जितका काळ लोटला असेल त्याच्या एक दशांश काळ ती ताजी धरावी. जे दहा दिवस बदलले नाही ते आणखी एक दिवस बदलणार नाही, असा हा व्यवहारी तर्क. एरवी तो चांगला चालतो. पण नदीच्या बाबतीत तो केवढा घातक आहे ते पाहा. समजा पाणीपातळीचे एक पान उन्हाळ्यात कोणी हलवले नाही, ३१ मार्चला ते शेवटचे बदलले. ९ जुलैला, म्हणजे बरोबर १०० दिवसांनी, कोणी ते उघडले. त्या दिवशी आणलेली नक्कल नियमाप्रमाणे १० दिवस ताजी! काही ब्राउझर या अंदाजाला वरची मर्यादा घालतात, फायरफॉक्सची एका आठवड्याची आहे. आठवडाभरात कृष्णा कोठून कोठे जाते हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागेल? दुष्काळाइतका दीर्घ शांत काळ गेला की हा नियम अधिकच बेसावध होतो आणि नेमका पहिल्या पुराच्या तोंडावर.

पुराचा उल्लेख मी ओढूनताणून करीत नाही. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयना धरण आहे, सुमारे १०५ टीएमसी क्षमतेचे. तेथून सोडलेले पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे वाळवा, पलूस ओलांडून सांगलीला जाते. सांगलीत १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलाजवळ पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर. त्यामुळे पावसाळ्यात काठावरच्या घरांत दोन आकड्यांचा जप चाललेला असतो: कोयनेतून किती सोडले आणि आयर्विनला किती झाले.

आमचे गाव पलूस तालुक्यात, नदीपासून फार दूर नाही. मी शिकायला साताऱ्यात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, फोन आला. “आयर्विनला पाणी किती झालंय बघ रं. जनावरं आत्ताच हलवायची का सकाळी, तेवढं सांग.” गावात वीज गेलेली, त्यांच्या फोनला जेमतेम आवाज जाण्याइतकीच रेंज. मी पान उघडले. खोलीतील मित्रानेही आपल्या फोनवर तेच पान उघडले. दोघांचे आकडे वेगळे! त्याचा आकडा माझ्यापेक्षा दोन फुटांनी जास्त. पत्ता तोच, खोली तीच, वाय-फायसुद्धा तेच. मी पान पुन्हा ताजे केले, वरची पट्टी फिरली, बाकी सारे पुन्हा आले, पण आकडा जागचा हलला नाही. मग ब्राउझरची खासगी खिडकी उघडून त्यात पत्ता टाकला, तेव्हा मित्राचाच आकडा दिसला. तात्यांना तो वरचा सांगितला. त्यांनी दोन म्हशी आणि रेडकू त्याच रात्री वरच्या गावठाणात पाहुण्यांच्या गोठ्यात नेऊन बांधले.

असे का झाले हे तेव्हा कळले नव्हते. पुढे महाविद्यालयाच्या संगणक कक्षात बसून उलगडा केला. मी ते पान दुपारीच एकदा पाहिले होते, मित्राने ते पहिल्यांदाच उघडले. म्हणजे माझ्या पेवात नक्कल होती, त्याच्या नव्हती. पण मग ताजे करूनही आकडा का बदलू नये? कारण आकडा पानाच्या मजकुरात नव्हताच. तो एका वेगळ्या छोट्या फाइलीत होता आणि पानातील आज्ञावली ती फाइल मागाहून मागवत होती. आपण ताजे करण्याचे बटण दाबतो तेव्हा क्रोमसारखा ब्राउझर मुख्य पानाची सर्व्हरकडे फेरचौकशी करतो, परंतु बाकीच्या वस्तूंची मुदत संपली नसेल तर त्या पेवातूनच घेतो. २०१७ च्या सुमारास ही पद्धत आली, ताजे करणे जलद व्हावे म्हणून. फाइलीवर सहा तासांची मुदत होती. दुपारचा आकडा रात्रीपर्यंत ताजा! खासगी खिडकीला मात्र स्वतःचे रिकामे पेव असते, म्हणून तिने सर्व्हरकडूनच आणले. संगणकावर कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबले तर पेव टाळून सर्व नव्याने मागवता येते, पण फोनवर ती कळ कोठून आणायची? आणि मागाहून येणाऱ्या फाइलींना ती कळसुद्धा नेहमीच पुरते असे नाही.

फोनवर याहून साधी एक फसगत होते. काल उघडलेले पान तसेच मागे पडून राहते, आज आपण फोन उचलतो आणि तेच पान समोर येते. येथे पेवातून आणणेही झालेले नसते. कालचे पान काचेवर टिकून राहिलेले असते, इतकेच. मागे जाण्याचे बटण दाबल्यावर दिसणारे पानही बहुधा असेच, पूर्वी पाहिले तसे. नियमांनीही याला मुभा दिली आहे, कारण मागे जाणारा माणूस ‘मी मघाशी काय पाहिले’ हेच पाहू इच्छितो.

पेवे फक्त आपल्याच खिशात असतात असेही समजू नये. सर्व्हर आणि आपण यांच्या मध्ये आणखी पेवे असतात. १९९८ साली अमेरिकेत एमआयटीतील टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी अकामाई ही कंपनी काढली, ती याच व्यवसायासाठी. जगभर ठिकठिकाणी यंत्रे मांडून गिऱ्हाइकांच्या पानांच्या नकला त्यांत ठेवायच्या, म्हणजे मागणी करणाऱ्याला जवळच्या ठिकाणाहून माल मिळतो. आज अशा अनेक कंपन्या आहेत. निकालाच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकाच वेळी एका पानावर तुटून पडतात, तेव्हा अशी सामाईक पेवे सर्व्हरला तारतात. मात्र सामाईक पेवात एकाची गुणपत्रिका दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून ‘प्रायव्हेट’ ही चिठ्ठी लावावी लागते. तिचा अर्थ, ही नक्कल फक्त त्याच्या स्वतःच्या ब्राउझरने ठेवावी. ‘निकाल अद्याप जाहीर नाही’ हे पान दीर्घ मुदतीने सामाईक पेवात बसले तर काय होईल, हे निकालाची वाट पाहिलेल्या वाचकांनी स्वतःच ताडावे.

मग चांगली पाने बनवणारे काय करतात? हरिपूरच्या व्यापाऱ्यासारखे करतात, असे मी म्हणेन. नवी हळद जुन्या पेवात मिसळत नाहीत. बोधचिन्ह, मांडणी, आज्ञावली यांना वर्षभराची, म्हणजे ३१५३६००० सेकंदांची मुदत देतात, पण त्यांतले काही बदलले की फाइलीचे नावच बदलतात. नाव नवे म्हणजे ब्राउझरच्या पेवात ती नाही, मागवणे आलेच. जुनी तेथेच पडून राहते आणि कधीतरी जागा कमी पडली की आपोआप निघून जाते. ज्या मुख्य पानावर ही नावे लिहिलेली असतात, त्या खातेवहीला मात्र प्रत्येक वेळी विचारण्याची सक्ती करतात. टिकाऊ वस्तू दीर्घ काळ साठवली जाते आणि नाशवंत यादी रोज तपासली जाते.

आकड्यांच्या पानाला माझ्या मते याहूनही एक साधी गोष्ट हवी. आकड्याशेजारी तो कधी मोजला ती तारीख आणि वेळ छापावी. चिठ्ठ्या सगळ्या बरोबर असल्या तरी ब्राउझर फार तर एवढीच हमी देतो की सर्व्हरवर आहे तेच तुम्हाला दिसत आहे. सर्व्हरवरचाच आकडा सकाळी ८ चा असेल तर त्याला ब्राउझर काय करणार? वर्तमानपत्र शिळे आहे हे वरच्या तारखेवरून अडाण्यालाही कळते. पडद्यावरच्या आकड्याला तो आधार नसतो, तो नेहमी आत्ताच छापल्यासारखा कोरा करकरीत दिसतो. पुराच्या दिवसांत लोक पानाचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्या छायाचित्राला ना मुदत, ना खूणचिठ्ठी. वेळ छापलेली असेल तर तेवढीच काय ती त्याच्याबरोबर जाते.

ज्यांना हे सर्व प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी संगणक कक्षात कोणतेही पान उघडून एफ-१२ ही कळ दाबावी आणि ‘नेटवर्क’ हा भाग उघडून पान पुन्हा आणावे. आलेल्या प्रत्येक वस्तूची एकेक ओळ दिसते. कोठे २०० असेल, कोठे ३०४, आणि काही ओळींपुढे ती वस्तू साठ्यातूनच घेतल्याचे लिहिलेले असेल. एखाद्या ओळीवर टिचकी मारली की कॅश-कंट्रोलची ओळ सापडते. तिथला सेकंदांचा आकडा ३६०० ने भागला म्हणजे तास निघतात. ‘एज’ नावाची ओळ असली तर ती वस्तू वाटेतल्या पेवात किती सेकंद पडून होती तेही समजते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कक्ष बहुधा रिकामा असतो.